तुतनखामुनचं हाड मोडलं कधी?

नोव्हेंबर २०१२ ते मार्च २०१३ या काळात आपल्या काळा घोड्याच्या वस्तुसंग्रहालयात ब्रिटिश म्युझियममधून आलेली एक ममी मुक्कामाला होती. नेस्पेरेन्नुब नावाचा कर्नाकच्या खोन्सू मंदिरातला पुजारी, इसवी सन पूर्व ८०० च्या आसपासचा. त्याची एकही पट्टी न उलगडता सीटी स्कॅन केला होता आणि त्यात त्याच्या डोक्याला चिकटलेला एक मातीचा वाडगा दिसला होता. कच्च्या मातीचा, ओबडधोबड. आधी धार्मिक अर्थ शोधून झाले. मग सगळ्यांना पटण्यासारखं उत्तर निघालं ते असं: राळ ओतताना खाली सांडू नये म्हणून कारागिरांनी डोक्याखाली वाडगा ठेवला, राळ थिजली, वाडगा निघेना, तेव्हा तसाच गुंडाळून टाकला. काम उरकलं.

इजिप्तचा पोरवयाचा राजा तुतनखामुन, त्याच्या मृत्यूबद्दल काहीही वाचण्याआधी हा वाडगा डोळ्यांसमोर ठेवावा. ममीवर दिसणारी प्रत्येक खूण माणूस जिवंत असतानाची नसते. तुतनखामुनच्या बाबतीत तर मृत्यूनंतर शरीराला निदान तीन वेळा धसमुसळे हात लागलेत: इसवी सन पूर्व १३२३ च्या सुमारास ममी करणाऱ्यांचे, १९२५ मध्ये थडगं शोधून काढणाऱ्या हॉवर्ड कार्टरच्या पथकाचे, आणि त्यानंतर १९६८ च्या आत कधीतरी कुणा अज्ञात चोरांचे. म्हणून ‘राजाला कुणी मारलं’ हा प्रश्न नंतर. आधी विचारायचं ते एवढंच की ही जखम कधीची?

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या गोष्टींत हा एकच प्रश्न कुणी विचारत नाही.

आधी माणूस कोण ते थोडक्यात. जन्मनाव तुतनखातेन. बाप बहुधा अखेनातेन, ज्यानं बाकीचे देव बाजूला सारून एका सूर्यबिंबाची पूजा लादली. पोरगा नऊ-दहा वर्षांचा असताना गादीवर आला, जुने देव परत आले, नावातला ‘आतेन’ जाऊन ‘आमुन’ आला. साधारण नऊ वर्षं राज्य केलं आणि अठरा-एकोणिसाव्या वर्षी गेला. उंची १.६७ ते १.७० मीटर, म्हणजे साडेपाच फुटांच्या आसपास. समोरचे दात पुढे आलेले, टाळूला किंचित फट, एक अक्कलदाढ अडकलेली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए तपासणीनुसार त्याचे आई-बाप सख्खे भाऊ-बहीण होते. मामेबहिणीशी लग्न आपल्याकडे नवं नाही, पण गणित इथं फार वेगळं आहे: सख्ख्या आते-मामे भावंडांच्या मुलात दोन्ही बाजूंनी तोच पूर्वजाचा जीन येण्याची शक्यता १६ त १ असते, सख्ख्या भाऊ-बहिणीच्या मुलात ४ त १. तुतनखामुनच्या थडग्यात दोन मृत अर्भकंही सापडली, दोन्ही मुली, दोन्ही दिवस भरण्याआधीच्या किंवा जन्मतःच गेलेल्या. बहुधा त्याच्याच. वारस कुणी उरला नाही, आणि खुनाच्या गोष्टीला खतपाणी मिळालं ते तिथूनच.

आता कारागिरांकडे वळू. ममी करायला ७० दिवस लागत. त्यातले साधारण ४० दिवस शरीर नॅट्रॉनमध्ये गाडलेलं असे. नॅट्रॉन म्हणजे वादी नात्रूनच्या कोरड्या तळ्यांतून खरवडलेला क्षार: सोडियम कार्बोनेट, बायकार्बोनेट, थोडं मीठ, थोडं सल्फेट. आपल्या पापडखाराच्या कुळातला. पाण्यात कालवून नव्हे, कोरडाच ढिगानं रचायचा. वरळी किंवा वेसाव्याच्या कोळीवाड्यात सुरमई खारवताना पाहिली असेल तर तत्त्व समजावून सांगायला नको. आधी पोट चिरून आतडी काढायची, कारण सडायला सुरुवात तिथून होते. मग आत-बाहेर मीठ, आणि पाणी निघून जाईपर्यंत थांबायचं. माशात आणि राजात फरक एवढाच, की राजाचं यकृत, फुप्फुसं, जठर आणि आतडी फेकत नसत, वेगळी खारवून चार पात्रांत ठेवत. मेंदू नाकातून सळई घालून काढत. हृदय मात्र जागेवर ठेवायचं, कारण परलोकात न्यायाच्या तराजूत तेच तोललं जाणार.

तुतनखामुनच्या छातीत हृदय नाही. हा पहिला खटकणारा मुद्दा. दुसरा, शरीरावर आणि पेटीत राळ आणि सुगंधी तेलं इतकी ओतलेली की बादल्या उपड्या केल्यासारखं वाटावं. तिसरा, कवटीत राळेचे दोन वेगळे थर: एक शरीर उताणं असताना थिजलेला, दुसरा डोकं खाली लोंबत असताना. म्हणजे दोन खेपांत ओतलेली. शिकाऊ माणसांकडून झालेलं काम, घाई, की मुद्दाम राजाला ओसिरिस या मृतांच्या काळ्या देवाचं रूप देण्याचा प्रयत्न? तज्ज्ञ तिन्ही बाजूंना आहेत. ओसिरिसची बाजू मला कमजोर वाटत नाही, पण बाकी थडगं पाहिलं की घाईकडेच कल जातो.

थडगं म्हणजे केव्ही ६२, लक्सरजवळच्या राजांच्या खोऱ्यातलं ६२ क्रमांकाचं. राजाच्या मानानं खुराडंच, सगळं मिळून जेमतेम ११० चौरस मीटर. मुंबईत तीन खोल्यांचा ऐसपैस फ्लॅट झाला असता, पण त्यात ५,३९८ वस्तू कोंबल्या होत्या. भिंतींवरच्या चित्रांवर तपकिरी ठिपके आहेत. रंग पुरता वाळायच्या आत दार बंद केलं, आत दमट हवा कोंडली, बुरशी वाढली. आपल्याकडे पावसाळ्यात रंगकाम काढलं की भिंतीचं जे होतं तेच. दगडी शवपेटी क्वार्टझाइटची, झाकण मात्र वेगळ्याच दगडाचं, ग्रॅनाइटचं, वर पेटीशी जुळावा म्हणून रंग फासलेला. तेही मधोमध तडकलेलं आणि भेग लिंपलेली. सगळ्यांत बोलका पुरावा पायथ्याशी. बाहेरच्या लाकडी शवपेटीचे पाय उंच पडले, दगडी झाकण बसेना. तेव्हा सुतारानं तिथल्या तिथं तासणी चालवून पायाची बोटं छाटली. ढलप्या कार्टरला तळाशी तशाच पडलेल्या मिळाल्या. आधीपासून तयारी असलेल्या मृत्यूत असं होत नाही. राजा अचानक गेला, एवढं लाकडाच्या ढलप्यांवरून सांगता येतं. कशानं गेला ते नाही.

कधी गेला, हेही बऱ्यापैकी सांगता येतं, आणि ते फुलांवरून. शवपेटीवरच्या हारांत निळी कॉर्नफ्लॉवर, निळ्या कमळाच्या पाकळ्या, ऑलिव्हची पानं, मँड्रेकची फळं ओवली होती. वनस्पती ओळखणाऱ्या पर्सी न्यूबेरीनं मोसम जुळवून दफन मार्चच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंतच्या काळात झाल्याचं ठरवलं. त्यातून ७० दिवस मागे जा. मृत्यू थंडीत, जानेवारीच्या आगेमागे. नाईलचा पूर ओसरून शेतं पेरलेली, शिकारीला आणि रथ हाकायला बरे दिवस.

आता १९२५. इथं जरा थांबावं लागेल, कारण पुढच्या शंभर वर्षांच्या निम्म्या भ्रमांचं मूळ या आठवड्यात आहे.

११ नोव्हेंबरला शरीरशास्त्रज्ञ डग्लस डेरी आणि डॉ. सालेह हमदी यांनी पट्ट्यांवर सुरी ठेवली. पण ममी पेटीतून निघेना. राळ दगडासारखी झालेली, शरीर सोन्याच्या आतल्या पेटीला आणि डोकं सोन्याच्या मुखवट्याला घट्ट चिकटलेलं. ती पेटी ११० किलो सोन्याची, मुखवटा १० किलोंच्या वर. आधी सगळं ऊन्हात ठेवून पाहिलं होतं, ६५ अंशांपर्यंत तापलं तरी राळ ढिम्म. मग शरीर जागच्या जागी सोडवायचं ठरलं. धड कमरेशी कापलं, हातपाय सांध्यांतून सुटे केले, डोकं मानेपासून वेगळं केलं आणि मुखवट्यातून तापवलेल्या सुऱ्यांनी खरवडून काढलं. नंतर रिकाम्या पेट्या एकमेकींतून सोडवायला त्या उलट्या टांगल्या, आतून जस्ताचे पत्रे लावले, वरून ओली घोंगडी टाकली आणि खालून प्रायमस पेटवले. चाळीच्या गॅलरीत भुर्रर्र करणारा तोच प्रायमस. आच ५०० अंशांपर्यंत नेली तेव्हा कुठे राळ हलली.

शरीरावर आणि पट्ट्यांत १४३ वस्तू होत्या, त्या निघाल्या. शेवटी सगळे तुकडे वाळू भरलेल्या लाकडी ताटात नीट मांडून, जणू कधी कापलेच नव्हते असे, १९२६ मध्ये पुन्हा थडग्यात ठेवले. कार्टरच्या लेखी वर्णनात या कापाकापीचा फारसा गाजावाजा नाही. डेरीच्या टिपणांवरून आणि हॅरी बर्टनच्या फोटोंवरून ती कळते.

बर्टनचा तो वाळूच्या ताटाचा फोटो महत्त्वाचा. त्यात छातीवर मण्यांची जाळी दिसते, राळेत रुतलेली, निघत नाही म्हणून सोडून दिलेली. डोक्यावर मण्यांची टोपीही आहे. पापण्या शाबूत.

१९६८ मध्ये लिव्हरपूल विद्यापीठाचे रोनाल्ड हॅरिसन हलकं क्ष-किरण यंत्र घेऊन थडग्यात उतरले. तेव्हा मण्यांची जाळी गायब होती. टोपी गायब. पापण्या गेलेल्या. आणि क्ष-किरणात छातीचं मधलं हाड आणि पुढच्या बरगड्या नाहीत! हा फरक १९२६ ते १९६८ दरम्यानचा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पहारा ढिला असताना कुणीतरी मण्यांसाठी छातीच कापून नेली, असा सगळ्यांत सरळ अर्थ निघतो. बरगड्यांची टोकं कापल्यासारखी सफाईदार आहेत. चाक किंवा खूर छातीवरून गेला तर बरगड्या वेड्यावाकड्या मोडतात, आत खुपसतात, पाठीकडच्या बाजूलाही तडे जातात.

तरीही छातीवरून दोन लोकप्रिय गोष्टी उभ्या राहिल्या. एकीत पाणघोडा राजाला चावतो. दुसरीत राजा गुडघ्यांवर बसलेला असताना रथ येऊन धडकतो. दुसरीला तर संगणकावरची चित्रंही मिळाली. दोन्हींचा पाया एकच, बरगड्या नाहीत. आणि बरगड्या का नाहीत ते बर्टनच्या फोटोत दिसतं. साप साप म्हणून भुई धोपटणं याला म्हणतात. एका मुद्द्यावर मात्र हे लोक अडून बसतात आणि तो अगदीच टाकाऊ नाही: हृदय का नाही? छाती चिरडली असेल तर कारागिरांना ते वाचवता आलं नसेल, असं त्यांचं म्हणणं. उत्तर इतकंच की हृदय नसण्याला घाईचं किंवा अडाणी काम हे कारण पुरतं, आणि त्या कामाच्या खुणा बाकी शरीरभर आहेत.

जाता जाता, जळालेल्या मांसाचं. ममीची कातडी आणि पट्ट्या कोळपल्यासारख्या दिसतात, हे कार्टरलाही दिसलं होतं. तेलात भिजलेलं कापड हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावताना तापतं, आणि उष्णता बाहेर पडायला वाट नसेल तर आपोआप कोळपतं. पॉलिशवाले जवसाच्या तेलाची चिंधी गोळा करून कोपऱ्यात का टाकत नाहीत, तर याचसाठी. राजा आगीत गेल्याची गोष्ट यातून निघत नाही.

आता खुनाकडे, म्हणजे कवटीकडे. हॅरिसन यांच्या क्ष-किरण फिल्ममध्ये दोन गोष्टी दिसल्या: कवटीच्या आत हाडाचे सुटे तुकडे, आणि मागे खालच्या बाजूला एक दाट छटा, जी रक्तस्रावाची असू शकेल असं हॅरिसन म्हणाले. एवढ्यावर मागून डोक्यात घाव घातला गेल्याची कथा जन्मली आणि ती तीस-पस्तीस वर्षं टिकली. संशयित दोघे. म्हातारा वजीर आय, जो लगेच गादीवर बसला आणि थडग्याच्या उत्तर भिंतीवर स्वतःला राजाच्या ममीचा ‘मुख उघडण्याचा’ विधी करताना रंगवून घेतला. आणि सेनापती होरेमहेब, जो आयनंतर राजा झाला आणि ज्यानं तुतनखामुनच्या स्मारकांवर आपलं नाव कोरलं. फायदा दोघांनाही झाला. पण फायदा म्हणजे पुरावा नव्हे. असता तर आपल्या इतिहासातले निम्मे वारस फासावर गेले असते. शिवाय वारस नसलेल्या राजाचे अंत्यविधी जो करेल तो पुढचा राजा, हा तिथला शिरस्ता होता. आयनं चित्र काढून घेतलं ते हक्क सिद्ध करायला.

२००३ मध्ये रेडिओलॉजिस्टांनी जुन्या फिल्म पुन्हा पाहिल्या आणि ती दाट छटा सामान्य ठरवली. मग ५ जानेवारी २००५ च्या रात्री इजिप्तचे पुरातत्त्वज्ञ झाही हवास यांच्या पथकानं ममी थडग्याबाहेर आणून ट्रेलरमधल्या सीटी स्कॅनच्या यंत्रात घातली. साधारण १,७०० प्रतिमा, काम पंधरा-वीस मिनिटांचं. कवटीतले सुटे तुकडे मानेच्या पहिल्या मणक्याचे आणि कवटीच्या तळच्या भोकाच्या कडेचे निघाले. हा मुद्दा नीट लक्षात घ्या, कारण खुनाचा खटला इथंच निकालात निघतो. तुकडे जिवंतपणी सुटले असते तर कारागिरांनी ओतलेली पातळ राळ त्यांच्याभोवती थिजली असती आणि ते तिच्यात अडकून बसले असते. ते मोकळे आहेत. म्हणजे राळ घट्ट झाल्यानंतर तुटले. आणि मान-कवटीच्या सांध्यावर राळ घट्ट झाल्यानंतर जोर लावला तो तापवलेल्या सुऱ्यांनी, १९२५ मध्ये.

त्याच स्कॅनमध्ये उरलेली एक खूण मात्र झटकून टाकता येत नाही.

डाव्या मांडीचं हाड गुडघ्याच्या जरा वर मोडलेलं आहे. ममीत मोडतोड भरपूर आहे, पण ही वेगळी. कार्टरच्या पथकानं मोडलेल्या हाडांच्या कडा तीक्ष्ण आहेत, कोरडी काठी मोडावी तशा. इथल्या कडा खडबडीत. आणि मुख्य म्हणजे भेगेच्या आत ममी करतानाचं द्रव्य उतरलेलं आहे, दोन थरांत. १९२५ मध्ये राळ दगड झाली होती, ती भेगेत वाहणार कशी? म्हणजे ममी करताना हाड मोडलेलं होतं आणि जखम उघडी होती. हाड जुळायला लागल्याची खूणही नाही. मोडलेल्या हाडाभोवती नवं हाड क्ष-किरणात दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. ते नाही, म्हणून पथकातल्या बऱ्याच जणांचा निष्कर्ष असा की पाय मृत्यूच्या काही दिवस आधी मोडला. पथकातल्याच काहींना ते पटलं नाही. जिवंतपणी मोडलं असतं तर आत रक्त साकळल्याचा मागमूस हवा होता, आणि द्रव्याचे कण कार्टरच्या माणसांच्या ओढाताणीत आत ढकलले गेले असतील, असं त्यांचं म्हणणं. तिसरी शक्यताही कागदावर राहते, ती म्हणजे कारागिरांच्याच हातून पाय मोडला.

गुडघ्याचीच जागा का, याला एक शारीरिक कारण आहे. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते आणि ती साधारण सतरा-अठराव्या ते विसाव्या वर्षापर्यंत पूर्ण भरते. डेरीनं राजाचं वय ठरवलं तेच मुळी या टोकावरून. मांडीच्या हाडाचं वरचं डोकं जुळलेलं, खालचं टोक अजून पुरतं नाही, म्हणून अठरा. अर्धवट जुळलेली ही जागा पोरवयात सगळ्यांत कच्ची. एकोणिसाव्या शतकातल्या शल्यचिकित्सकांकडे या जागच्या मोडीला स्वतंत्र नाव होतं, ‘गाडीच्या चाकाची इजा’. चालत्या घोडागाडीवर उडी मारायला जाणाऱ्या पोराचा पाय आऱ्यांत अडकायचा, गुडघा उलटा वाकायचा आणि हाड नेमकं तिथं सुटायचं. तुतनखामुनच्या थडग्यात सहा रथ सुटे करून ठेवले होते, चाकं सहा आऱ्यांची. यावरून रथाचा अपघात सिद्ध होत नाही, हे मुद्दाम लिहून ठेवतो. पण कच्ची जागा, वय आणि चाक एकमेकांना धरून आहेत, पाणघोड्यासारखा ओढून-ताणून आणलेला बादरायण संबंध नाही.

आणि मोडलेल्या पायानं माणूस मरतो का? लोकलच्या रुळांवरून जखमी आणणारे हमाल, वॉर्डबॉय यांना हा प्रश्न पडत नाही. मांडीचं हाड मोडलं की त्वचा शाबूत असली तरी एक-दीड लिटर रक्त आतल्या आत जाऊ शकतं. गुडघ्यामागून पायाची मुख्य रोहिणी अगदी हाडाला चिकटून जाते, टोक मागे सरकलं की ती दबते किंवा फाटते आणि खालचा पाय काळा पडतो. हाडाच्या मगजातली चरबी रक्तात उतरून एक ते तीन दिवसांत फुप्फुसं, मेंदू बंद पाडू शकते. आणि जखम उघडी असेल तर जंतुसंसर्ग. इजिप्तचे वैद्य काही अडाणी नव्हते. त्यांच्या पपायरसांत हाड जागेवर बसवणं, खपच्या बांधणं, जखमेवर मध आणि चरबी लावणं सगळं आहे. पण उघड्या मोडीत पू आत उतरला की मधाचं काही चालत नाही.

याच्या जोडीला मलेरिया. २०१० च्या त्याच अभ्यासात राजाच्या नमुन्यांत फाल्सिपेरम मलेरियाच्या जंतूंचे जीन सापडले. बातम्यांनी लगेच ‘राजा मलेरियानं मेला’ केलं. मुंबईकराला हे तितकंसं पटू नये. गच्चीवरच्या टाकीत डास पोसणाऱ्या शहरात पावसाळ्यात दर इमारतीत एकाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो, तेवढ्यावर कुणी मृत्यूचा दाखला लिहीत नाही. शिवाय तेच जीन युया आणि थुया या त्याच्या पणजोबा-पणजीतही सापडले, आणि दोघंही पन्नाशीपर्यंत जगली. जिथं मलेरिया वर्षानुवर्षं चावतो तिथं मोठ्या माणसांत अर्धीमुर्धी प्रतिकारशक्ती तयार होते; जीव जातो तो बहुतेक लहान मुलांचा. जंतू होते म्हणजे रक्त कमी असणार, अंगात ताकद कमी असणार, इथपर्यंत ठीक. इतक्या जुन्या, राळेत बुडालेल्या, हाताळलेल्या ममीतून डीएनए खरंच टिकतो का, यावर जनुकशास्त्रज्ञांनी तेव्हाच प्रश्न उभे केले होते, तेही विसरू नये.

त्याच अभ्यासानं डावा पाय वाकडा आणि पावलाच्या दुसऱ्या-तिसऱ्या लांब हाडांत रक्तपुरवठा तुटून हाड मेल्याचं सांगितलं. थडग्यातल्या सुमारे १३० काठ्या मग आधाराच्या ठरल्या. काठी तिथं अधिकाराची खूण होती, त्यामुळे १३० या आकड्यात अर्थ नाही. झिजलेल्या किती, एवढंच मोजावं. राजा बसून बाण मारतानाची चित्रं पुराव्यात देतात, पण पाऊल खरंच वाकडं की घट्ट पट्ट्यांनी वाकवलेलं, यावर हाडांचे डॉक्टर अजून भांडतायत.

मेलेल्या हाडावरून हॅम्बुर्गच्या क्रिस्टियन टिमन आणि क्रिस्टियन मेयर यांनी त्याच वर्षी वेगळी सूचना केली: सिकलसेल. गडचिरोली, नंदुरबार, पालघरकडे काम केलेल्या आरोग्यसेवकाला ती लगेच कळेल. विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी बारीक वाहिन्यांत अडकतात, पुढचं हाड उपाशी मरतं, दुखण्याचे झटके येतात. एकच जीन असेल तर मलेरियापासून संरक्षण मिळतं, दोन्ही असतील तर मलेरिया जिवावर बेतू शकतो. सुबक कल्पना आहे. फक्त ती मेलेल्या हाडावर उभी आहे, आणि ते हाड मेलेलं आहे की नाही यावरच एकमत नाही. अपस्मार, मार्फानचा आजार वगैरे बाकीची निदानं बव्हंशी पुतळ्यांतल्या लांबट चेहऱ्यांवरून आणि गोलसर छातीवरून केलेली. ती शैली अखेनातेनच्या काळच्या शिल्पकारांची. पुतळ्याची नाडी बघून औषध देण्याचा प्रकार.

तर सगळं चाळल्यावर चाळणीत उरतं ते असं: थंडीत अचानक आलेला मृत्यू, आधीच अशक्त शरीर, आणि डाव्या गुडघ्याशी एक मोड जिच्या भेगेत द्रव्य उतरलं आहे. पैज लावायचीच तर मी या गुडघ्यावर लावेन, रथाची शर्त न घालता. कवटी आणि छाती दोन्ही पुराव्यातून बाद.

लक्सरला जाणारे मराठी पर्यटक हल्ली वाढलेत, म्हणून एक सांगून ठेवतो. मुखवटा आणि बाकी ऐवज कैरोत आहे, गिझाच्या पिरॅमिडांशेजारच्या नव्या संग्रहालयात. राजा स्वतः मात्र अजून केव्ही ६२ मध्येच. त्यासाठी वेगळं तिकीट काढावं लागतं, आणि आत जागा इतकी थोडी की मागचा माणूस ढकलतो. २००७ पासून तो तापमान राखलेल्या काचेच्या पेटीत आहे. काळं पडलेलं तोंड दिसतं, पुढे आलेले दात दिसतात, पावलं दिसतात. डावं पाऊल जरूर बघा. मध्ये गळ्यापासून घोट्यापर्यंत पांढरं कापड पांघरलेलं असतं. छाती नाही आणि डावा गुडघा मोडलेला, दोन्ही त्या कापडाखाली.